मदत हवी आहे : कुस्तीतून एमएमएकडे (ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणारा मिश्र लढतींचा खेळ) जायचंय, नागपूर-अमरावतीकडे खात्रीचा कोच आहे का?

नमस्कार मंडळी. आम्ही दारव्हा तालुक्यातले. लहान भाऊ कॉलेजकडून 61 किलोत कुस्ती खेळला, आता एमएमएचा ध्यास घेतलाय. रितू फोगाट 2019 मध्ये कुस्तीतून तिकडे गेली, तेव्हापासून त्याच्या डोक्यात हेच. दुहेरी पट (समोरच्याचे दोन्ही पाय धरून पाडायचा डाव) त्याचा पक्का आहे, घुसला की समोरचा खालीच. पण चीतपट होऊ नये म्हणून तो सवयीने पालथा पडतो, आणि एमएमएत पाठ दिली की मागून गळा आवळलाच समजा. ही सवय मोडायला जुजुत्सू (जमिनीवरच्या पकडी, गळा आवळणं आणि त्यातून सुटणं) शिकवणारा माणूस पाहिजे. सोयाबीन निघालं की बाबा पैशाचं बघतील. फी किती, राहायची सोय कुठे, कृपया सांगा. आईला डोक्यावर बसणाऱ्या ठोशांची धास्ती आहे, कोणी खेळलं असेल तर त्याबद्दलही खरं ते लिहा.