‘क्रूझवाल्यांना व्हिसा लागत नाही’ म्हणे

गोखले (ए-३०३): नमस्कार मंडळी. सप्टेंबरात आपल्या सोसायटीतली चार जोडपी ग्रीसच्या क्रूझला निघालोय. अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून बोट सुटते, मिकोनोस, मग तुर्कस्तानातलं कुशादासी, तिथून पुन्हा ग्रीसमधलं ऱ्होड्स, सँटोरिनी आणि परत पिरेयस. एजंट म्हणतो शेंगेनचा (युरोपातल्या बहुतेक देशांचा सामाईक) सिंगल एंट्री, म्हणजे एकदाच आत शिरता येणारा, व्हिसा पुरतो, तुर्कस्तानात क्रूझवाल्यांना व्हिसा लागतच नाही. कोणी जाऊन आलंय का? मला जरा धाकधूक आहे.

निखिल (बी-१२०४): काका बिनधास्त जा. क्रूझ पॅसेंजरला तिथे ७२ तास फ्री आहे. मी वाचलंय.

गोखले (ए-३०३): वाचलंयस कुठे? त्या तुझ्या चॅटबॉटवर?

निखिल (बी-१२०४): 🙈

मेधा (सी-५०१): गोखले काका, थांबा. निखिलचं बरोबर आहे, एजंटचं अर्धंच. समुद्रमार्गे बंदरात उतरून ते शहर आणि आसपासचा भाग बघणाऱ्यांना तुर्कस्तान ७२ तासांपर्यंत व्हिसा मागत नाही. तुमची बोट तिथे दिवसभर थांबणार, तुम्ही जवळचं प्राचीन शहर एफेसस बघून संध्याकाळी परत. तिथे अडचण नाही. अडचण परतताना आहे. मिकोनोसहून कुशादासीला गेलात की तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडलात. ऱ्होड्सला लागलात की दुसऱ्यांदा आत. सिंगल एंट्री पहिल्या दिवशी अथेन्सच्या विमानतळावरच वापरून झालेली असते.

गोखले (ए-३०३): पण बोट तर तीच. आमचं सामानसुद्धा केबिनमध्येच.

मेधा (सी-५०१): सामानाला व्हिसा लागत नाही काका 😄 नुसतीच शेंगेनची बंदरं असती, म्हणजे ग्रीस-इटली-क्रोएशिया, तर सिंगल चाललं असतं. क्रोएशियाही २०२३ च्या जानेवारीपासून शेंगेनमध्ये आहे. मधे एक जरी बाहेरचं बंदर आलं की तिथून परतताना नव्याने प्रवेश धरतात.

निखिल (बी-१२०४): पण माझा ऑफिसमधला एक जण सिंगलवर जाऊन आला. कोणी विचारलं पण नाही.

साळवी (बी-२०२): निखिलशेठ, न विचारणं वेगळं आणि चालणं वेगळं. माझी सगळी नोकरी पॅसेंजर जहाजावर गेली, शेवटची वर्षं तर याच ग्रीस-तुर्कस्तान रूटवर. टर्मिनलच्या चेक-इनवरची पोरगी पासपोर्ट उघडते आणि फोटोच्या आधी व्हिसाच्या स्टिकरवरचा एन्ट्रीजचा रकाना बघते. तिथे ०१ दिसला की सुपरवायझरला हाक. आमच्या डोळ्यांसमोर माणसं बॅगा घेऊन धक्क्यावर राहिलीत. बोट कोणासाठी थांबत नाही आणि पैसेही परत मिळत नाहीत. तिकिटाच्या अटींत लिहिलेलं असतं की कागदपत्रांची जबाबदारी प्रवाशाची.

गोखले (ए-३०३): बापरे.

साळवी (बी-२०२): आणखी एक. समजा काकूंचा पाय मुरगळला आणि कुशादासीला दवाखान्यात ठेवायची वेळ आली. किंवा बाजारात रमलात आणि बोट सुटली. बोट सुटताना ज्यांचं बोटीचं कार्ड गँगवेवर, म्हणजे चढायच्या शिडीवर, परत वाजलेलं नाही त्यांची यादी निघते, पासपोर्ट काढून बंदरातल्या एजंटच्या हातात देतात आणि जहाज निघून जातं. आता तुम्ही तुर्कस्तानात, खिशात ७२ तास. पुढच्या बंदरावर जाऊन बोट पकडायची तर ग्रीसमध्ये आत शिरायला हवं आणि एंट्री संपलेली. मग तिथूनच इस्तंबूलमार्गे मुंबई, स्वखर्चाने. म्हणून क्रूझ कंपन्या ‘मी बोटीवरून उतरणारच नाही’ असं सांगितलं तरी बहुतेक वेळा प्रत्येक बंदराची कागदपत्रं मागतात.

देशपांडे काकू (ए-६०४): अगंबाई. मला वाटायचं क्रूझ म्हणजे एकदा बसलं की झालं.

सेक्रेटरी (बी-१०१): सदस्यांनी कृपया लक्षात घ्यावे. हा ग्रुप सोसायटीच्या कामांसाठी आहे. उद्या सकाळी १० ते १ टाकी साफ होणार आहे, पाणी भरून ठेवावे.

गोखले (ए-३०३): सेक्रेटरी साहेब, चारही जोडपी याच सोसायटीची मेंबर आहेत, मेंटेनन्सही वेळेवर भरतात. थोडा वेळ द्या.

गोखले (ए-३०३): मेधा, मग अर्जात काय लिहायचं?

मेधा (सी-५०१): फॉर्ममध्ये एन्ट्रीज किती हे विचारतात. तिथे मल्टिपल, म्हणजे अनेकदा प्रवेश, यावर खूण करायची आणि सोबत क्रूझचं कन्फर्मेशन लावायचं, ज्यात तारखेनुसार सगळी बंदरं दिसतील, कुशादासीसकट. नुसती पैसे भरल्याची पावती नको. कागदावर तुर्कस्तान दिसलं की मल्टिपल का मागताय हे अधिकाऱ्याला आपोआप कळतं. बहुतेक रात्री ग्रीसच्या, म्हणून अर्जही ग्रीसकडेच. फी प्रौढांना ९० यूरो, जून २०२४ पासून. इन्शुरन्स किमान ३०,००० यूरोचा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, शेवटच्या १५ दिवसांवर कधीच ठेवू नका. आणि पासपोर्ट दहा वर्षांच्या आतला हवा, परतीच्या तारखेनंतरही तीन महिने चालणारा. चारही जोडप्यांचे आजच बघा. म्हाताऱ्यांचे पासपोर्ट बँकेच्या लॉकरमध्ये मुदत संपवून बसलेले असतात.

गोखले (ए-३०३): म्हातारे कोण? 😡

मेधा (सी-५०१): सॉरी काका. ज्येष्ठ.

राणे (सी-१०२): आम्ही दोघं पण यात आहोत. आम्ही मात्र चार दिवस आधी इस्तंबूलला जाणार, मग अथेन्सला यांना गाठणार. ते ७२ तास आम्हाला लागू ना? चार दिवस म्हणजे थोडंसंच जास्त होतं.

मेधा (सी-५०१): राणे साहेब, तुम्हाला एक तासही लागू नाही. ती सवलत बंदरात बोटीने येऊन बोटीनेच जाणाऱ्यांची. तुम्ही विमानाने शिरणार. तुम्हाला तुर्कस्तानचा ई-व्हिसा घ्यायला हवा. भारतीय पासपोर्टवर तो मिळतो, पण हातात चालू शेंगेन, अमेरिका, ब्रिटन किंवा आयर्लंडचा व्हिसा किंवा तिथला रहिवासी परवाना असेल तरच. म्हणजे आधी ग्रीसचं काम, मग ई-व्हिसा. एजंटला वेगळं सांगा, तो सगळ्यांना एकाच पाटीवर वाढतोय.

राणे (सी-१०२): आणि इस्तंबूलहून सुटणारी क्रूझ घेतली असती तर?

मेधा (सी-५०१): तरी तेच. माझ्या इतक्या वर्षांच्या व्हिसा डेस्कमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ इथेच बघितला. बंदराची सवलत मधल्या थांब्याला असते. जिथून बोटीत बसायचं आणि जिथे कायमचं उतरायचं, तिथे तुम्ही साधे पर्यटक, क्रूझ वगैरे काही नाही.

डिसोझा (ए-१०१): त्यात माझी गंमत ऐका. भाऊ पोर्तुगीज पासपोर्टवाला, मडगावचाच. मागच्या भूमध्य क्रूझला एकाच केबिनमध्ये आम्ही दोघे. त्याला शेंगेनचा काही प्रश्नच नाही आणि माझी ही जाडजूड फाइल. पण आता जहाजाने तो मुरगावला येणार तेव्हा भारताचा ई-व्हिसा काढावा लागणार त्याला, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) केलेलं नाही ना. गोव्याच्या माणसाला गोव्याचा व्हिसा 😂

साळवी (बी-२०२): मुरगाव ई-व्हिसाच्या बंदरांत आहे म्हणून बरं. मुंबई, कोची, मंगळूर, चेन्नई पण.

देशपांडे काकू (ए-६०४): मेधा, माझंही एक. आमचा ओंकार टेक्सासला शिकतोय. त्याच्या पासपोर्टवरचा व्हिसा संपलाय, पण कॉलेज चालू आहे म्हणून राहायला हरकत नाही म्हणतो. आता मित्रांबरोबर गॅल्व्हेस्टनहून क्रूझला निघालाय. मी म्हटलं आधी विचारते.

मेधा (सी-५०१): बरं झालं विचारलंत काकू. एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावाल्यांना, एक सवलत आहे, तिकडे ऑटोमॅटिक रिव्हॅलिडेशन म्हणतात. ३० दिवसांच्या आत कॅनडा, मेक्सिको किंवा जवळच्या कॅरिबियन बेटांवर जाऊन परत आला तर संपलेल्या व्हिसावरही आत घेतात, क्यूबा सोडून. आय-२० वर, म्हणजे कॉलेजने दिलेल्या प्रवेशाच्या कागदावर, कॉलेजची प्रवासाची सही ताजी हवी, आय-९४, म्हणजे अमेरिकेत शिरल्याची नोंद, चालू हवी, आणि बाहेर असताना नव्या व्हिसाचा अर्ज केलेला नको. बोट कुठे कुठे लागते?

देशपांडे काकू (ए-६०४): थांब, त्याने पाठवलंय. कोझुमेल, बेलीझ, रोआतान.

मेधा (सी-५०१): कोझुमेल मेक्सिकोत, ते ठीक. बेलीझ त्या यादीत नाही आणि रोआतान होंडुरासचं, तेही नाही. बेट आहे म्हणून चालेल असं वाटतं, पण अमेरिकेच्या कायद्यात बेटांची नावं दिलेली आहेत. बहामा, जमेका, बार्बाडोस, त्रिनिदाद, ब्रिटिश-फ्रेंच-डच बेटं वगैरे. त्याला सांगा नुसती कोझुमेलवाली छोटी क्रूझ घे. आणि जायच्या आधी कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसला मेल कर.

देशपांडे काकू (ए-६०४): त्याच्या रूममध्ये एक नोकरीवाला आहे. त्याचं पण तसंच?

मेधा (सी-५०१): एच-१बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा, असेल तर त्याला बेटंसुद्धा नाहीत, फक्त कॅनडा आणि मेक्सिको. दोघांनी एकाच बोटीत बसायचं ठरवलं असेल तर सांभाळून.

देशपांडे काकू (ए-६०४): आत्ता फोन लावते. तिकडे पहाटेचे चार वाजलेत, पण उठवतेच.

सेक्रेटरी (बी-१०१): विषय निघालाच आहे तर... 🙏 आमच्या सुनेने अलास्काचं बघितलंय, सिॲटलहून. अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा आहे आमच्याकडे. अलास्का अमेरिकेतच, म्हणजे प्रश्न मिटला ना?

गोखले (ए-३०३): हा ग्रुप सोसायटीच्या कामांसाठी आहे साहेब 😌

साळवी (बी-२०२): साहेब, वाटेत व्हिक्टोरिया लिहिलंय का बघा.

सेक्रेटरी (बी-१०१): हो, शेवटच्या संध्याकाळी. व्हिक्टोरिया, कॅनडा. काही तासच आहे.

साळवी (बी-२०२): ते काही तास मुद्दाम घातलेले असतात. अमेरिकेचा १८८६ चा कायदा आहे, परदेशी झेंड्याच्या जहाजाला नुसत्या अमेरिकेच्याच बंदरांतून फेरी मारून प्रवासी आणता येत नाहीत. या मोठ्या क्रूझ सगळ्या बहामा, पनामा अशा झेंड्यांच्या. म्हणून एक परदेशी बंदर लागतंच आणि वाटेत पडतं कॅनडा. प्रवासी जेवून टीव्ही बघत असतात तेव्हा बोट व्हिक्टोरियाला लागते.

मेधा (सी-५०१): आणि भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा वेगळा. अमेरिकेचा त्याला चालत नाही. व्हँकुव्हरहून सुटणारी घेतलीत तरी दोन्ही लागतील. कॅनडाला वेळ लागतो, आत्ताच अर्ज करा.

सेक्रेटरी (बी-१०१): एवढ्या भानगडी. त्यापेक्षा मुंबई-गोवा बोट बरी. आधार कार्ड दाखवलं की झालं.

राणे (सी-१०२): लक्षद्वीपवाली घेऊ नका मग, तिथे आपल्यालाच परमिट लागतं 😄

पाटील (बी-८०३): आम्ही मार्चमध्ये सिंगापूर-पिनांग-फुकेत केली. मलेशिया आणि थायलंड दोन्हीकडे आपल्याला व्हिसा नव्हता. सिंगापूरचा काढला, त्यावर मल्टिपल जर्नी आहे का ते नीट बघितलं, कारण बोट परत तिथेच येते. एकच गोष्ट बहुतेक लोक विसरतात, सिंगापूरचं अरायव्हल कार्ड, म्हणजे आत येण्याआधीचा ऑनलाइन फॉर्म, दोनदा भरायचं. विमानाने उतरताना एकदा आणि बोटीने परतताना पुन्हा, दोन्ही वेळा पोचण्याआधीच्या तीन दिवसांत. आमच्या मागच्या कुटुंबाने दुसरं भरलंच नव्हतं, टर्मिनलच्या रांगेतच मोबाइल काढून बसले, आजोबांचा पासपोर्ट नंबर कोणालाच वाचता येईना.

निखिल (बी-१२०४): मलेशियाची सूट कायमची आहे का?

पाटील (बी-८०३): नाही, डिसेंबर २०२६ पर्यंत जाहीर आहे. थायलंडचे नियम बदलत असतात, तिकीट काढण्याच्या दिवशी बघ.

गोखले (ए-३०३): मंडळी, एजंटशी बोललो. आधी म्हणाला ‘साहेब, आजवर कोणाला अडवलं नाही’. म्हटलं हे लेखी मेलवर द्या, की सिंगल एंट्रीवर ऱ्होड्सला उतरू देतील आणि नाही दिलं तर भरपाई तुमची. पाच मिनिटं शांत. मग म्हणे मल्टिपल टाकतो. फॉर्म परत भरणार आहे. मिकोनोस-सँटोरिनीला माणशी २० यूरो म्हणाला, तो काय व्हिसा आहे का?

मेधा (सी-५०१): नाही, तो ग्रीसचा बंदर-कर आहे, क्रूझने उतरणाऱ्यांवर २०२५ च्या जुलैपासून. उन्हाळ्यात त्या दोन बेटांवर २०, बाकी ठिकाणी कमी. बहुतेक वेळा क्रूझ कंपनीच बिलात लावते. एजंटने आधीच घेतलाय का विचारा, दोनदा देऊ नका.

गोखले (ए-३०३): विचारतो. फोटो कुठे काढायचे?

मेधा (सी-५०१): ३५ बाय ४५ मिलिमीटर, पांढरी पार्श्वभूमी, सहा महिन्यांच्या आतले. नाक्यावरचा मेडिकलवाला काढतो तो नको, चेहरा गोरा करून देतो.