जुनी एमजीबी: पाच गिअर टाकले तर गाडी 'बाटली' (विटाळली) का?

चोकखेचू (लेस्टर)

मंडळी, डोकं जरा तापलंय म्हणून लिहितोय. माझ्याकडे १९७१ ची एमजीबी रोडस्टर आहे, म्हणजे उघड्या टपाची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, क्रोम बंपरवाली, १७९८ सीसी, दोन एसयू कार्ब्युरेटर. (भारतातल्यांसाठी: एमजी म्हणजे हेक्टरवाली एमजी नव्हे, ते नाव आता चिनी कंपनीकडे आहे. ही ऑक्सफर्डजवळच्या अबिंग्डनला बनायची, १९६२ ते १९८०, पाच लाखाच्या वर बनल्या, त्यामुळे दुर्मिळ वगैरे अजिबात नाही.)

गाडीत मी इलेक्ट्रॉनिक इग्निशन टाकलंय, हेडलाइटला रिले लावलेत, रेडिएटरला इलेक्ट्रिक फॅन, आणि आता या हिवाळ्यात फोर्डचा टाइप नाइन पाच गिअरचा बॉक्स बसवायचा विचार आहे. परवा एका मेळाव्यात बॉनेट उघडं ठेवून उभा होतो तर एक सद्गृहस्थ आले, आत बघितलं आणि म्हणाले "पिटी" (अरेरे, वाया घालवली) आणि निघून गेले. एवढंच! मी तिथेच हातात चहा घेऊन.

माझं म्हणणं सरळ आहे. माझ्या गाडीला ओव्हरड्राइव्ह (स्विचने लागणारा, त्याच वेगाला इंजिन सावकाश फिरवणारा जास्तीचा गिअर) नाही, तो त्या काळी जास्तीचे पैसे देऊन घ्यावा लागायचा आणि पहिल्या मालकाने घेतला नाही. चौथ्या गिअरमध्ये हजार आरपीएमला साधारण १८ मैल, म्हणजे मोटरवेवर ७० ला इंजिन ३९०० वर ओरडत असतं आणि शेजारी बसलेल्या बायकोशी बोलायचं तर पुढच्या सर्व्हिसेसची (मोटरवेवरच्या थांब्याची) वाट बघायची. म्हणून लोक या गाड्या काढतच नाहीत, रविवारी पबपर्यंत आणि परत. मला ही गाडी स्कॉटलंडला न्यायचीये. ही चालवायची गाडी आहे, देव्हाऱ्यात ठेवून हळदकुंकू वाहायची नाही. जे काढतोय ते सगळं खोक्यात जपून ठेवतोय, काहीही कापत नाहीये, उद्या कुणाला परत जसंच्या तसं करायचं तर करता येईल. मग बाटली कशी?

जुनंतेसोनं

त्या गृहस्थांचं बरोबर होतं, फक्त बोलायची पद्धत चुकली.

'खोक्यात ठेवलंय' हे सगळेच म्हणतात. गाडी विकली जाते, खोकं गॅरेजमध्ये राहतं, घर बदलताना खोकं भंगारात. माझी स्वतःची ६६ ची आहे, घेतली तेव्हा तिच्यात आधीच्या तीन मालकांच्या 'सुधारणा' होत्या आणि एकाही मालकाचं खोकं माझ्यापर्यंत आलं नाही. डायनॅमो काढून आल्टरनेटर, त्यासाठी पॉझिटिव्ह अर्थिंग (बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला) उलटवून निगेटिव्ह केलेलं, आणि ते करताना वायरिंगचे रंग कुणी पाळले नाहीत. लाल वायर कुठे जाते ते देवाला माहीत. वायरिंग डायग्राम पुस्तकात एक आणि गाडीत दुसरंच.

आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशनबद्दल तर बोलूच नका. जुने पॉइंट असतात ना, स्पार्कसाठी उघडझाप करणारे, ते मरताना सांगून मरतात. गाडी आधी मिसफायर मारते, मग सुरू व्हायला त्रास देते, तुम्ही रस्त्याच्या कडेला टोपण काढता, पॉलिश पेपरने घासता, पंधरा थाऊचा (इंचाचे पंधरा हजारांश) गॅप लावता आणि घरी येता. ते इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल मेलं की मेलं, टो ट्रक.

मीरा_लीड्स

दोघांचंही ऐकलं. माझी ६९ ची जीटी आहे (मागे दार असलेली, छप्परवाली). मला वाटतं तुम्ही दोघं चुकीच्या जागी भांडताय.

मॉडिफिकेशन करणाऱ्या दहातल्या बहुतेकांनी आधी मेंटेनन्सच केलेला नसतो. गाडी वळणावर डोलते म्हणून पुढचे लिव्हर आर्म डँपर काढून टेलिस्कोपिक शॉकचं किट लावतात, आणि किंगपिनला (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खुंटाला) ग्रीस कधी मारलंय विचारलं तर चेहऱ्याकडे बघत बसतात. दर तीन हजार मैलांना ग्रीस गन घेऊन खाली झोपायचं असतं हो, निपल त्यासाठीच दिलेत. मारलं नाही की किंगपिन झिजतो, स्टिअरिंग जड होतं, मग म्हणे इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग टाकू. गाडी तापते, लगेच मोठा रेडिएटर. अरे इंजिन ब्लॉकमध्ये पन्नास वर्षांचा गाळ आहे तो धू ना आधी!

आणि या गाडीला वेगळा चासी नाही, पत्र्याची बॉडी हाच सांगाडा. सगळा जोर दाराखालच्या सिलवर (पत्र्याच्या लांब पेटीवर), रोडस्टरमध्ये तर जास्तच कारण वर छप्पर नाही. माझ्या आधीच्या मालकाने एका वर्कशॉपकडून 'नवे सिल' टाकून घेतले होते, भलंमोठं बिल फाइलमध्ये लावलेलं. मी कापून बघितलं तर सडलेल्या जुन्या सिलवर वरून नवा पत्रा चढवून वेल्डिंग, वर पुट्टी, वर रंग. आत हात घातला तर गंजाचा चुरा. बाहेरून कॉन्कोर्सला (जुन्या गाड्यांच्या सौंदर्यस्पर्धेला) उभी करावी अशी गाडी. ओरिजिनल होती बरं का, पॉइंटसकट ओरिजिनल!

तर चोकखेचू, पाच गिअर टाका नाहीतर सहा टाका, पण आधी एक सांगा, सिल धड आहेत का ते कळेल. दार उघडं ठेवून गाडी जॅकवर उचलली तर दार परत बंद होतं का?

चोकखेचू (लेस्टर)

होतं ताई 😀 सिल, आतला मेंब्रेन, खालचा कासल रेल, सगळं गेल्या वर्षी काढून नवं घातलंय, दाराच्या चौकटीला आडवा बार वेल्ड करून मगच कापलं. त्याशिवाय कापलं तर गाडी मधून वाकते हे इथे सगळ्यांना माहीत असावं, नसेल तर माहीत करून घ्या.

@जुनंतेसोनं, पॉइंटचं तुमचं म्हणणं वीस वर्षांपूर्वी मान्य केलं असतं. आता नव्या मिळणाऱ्या पॉइंट आणि कंडेन्सरची क्वालिटी बघितलीय का? कंडेन्सर तर डबीतून काढल्यावरच मेलेला निघतो कधी कधी. काळा रोटर आर्म टाकला तर गरम झाल्यावर रिव्हेटमधून स्पार्क खाली उतरतो, म्हणून लोक लाल रंगाचा शोधत फिरतात. सांगून मरणारे पॉइंट १९७५ च्या डबीतले होते. शिवाय मी जुना सेट, कंडेन्सरसकट, डिकीत ठेवतोच, मॉड्यूल गेलं तर रस्त्यावर बदलता येतो.

जुनंतेसोनं

म्हणजे शेवटी घरी पॉइंटच आणणार. बास, माझा मुद्दा संपला.

व्होल्ट_वाढवा (आइंडहोव्हन)

मला एक कळत नाही, एवढं सगळं करायचंच आहे तर इलेक्ट्रिक का नाही? इंजिन काढा, मोटर टाका, बॅटरी अर्धी पुढे अर्धी मागे, तेल गळणं नाही, चोक नाही, कार्ब्युरेटर बॅलन्स करायला कानाला नळी लावून बसणं नाही. इंग्लंडमध्ये एमजीबीच्या बॉडीवर इलेक्ट्रिक गाड्या बनवून विकणाऱ्या कंपन्या आहेत. चालवायची गाडी म्हणताय ना? मग शहरातही चालवा.

मीरा_लीड्स

शहरात आत्ताही चालते. लंडनच्या युलेझमध्ये (धूर जास्त सोडणाऱ्या गाड्यांना पैसे पडतात तो भाग) चाळीस वर्षांवरच्या हिस्टॉरिक गाड्यांना पैसे नाहीत, रोड टॅक्स नाही, एमओटीची (वार्षिक तपासणीची) सक्तीसुद्धा २०१८ पासून नाही (मी तरी दरवर्षी करून घेते, ब्रेक माझे आहेत, सरकारचे नाहीत). पण एमओटीची ही सूट गेल्या तीस वर्षांत मोठा बदल न केलेल्या गाडीला. इंजिन फेकून मोटर टाकल्यावर तो मोठा बदल नाही हे तुम्ही कुणाला पटवणार?

व्होल्ट_वाढवा (आइंडहोव्हन)

मग एमओटी करून घ्यायची! तुम्ही तर तशीही करता की.

मीरा_लीड्स

हे बरोबर पकडलंत 😄 पण तरी नको.

पेठेतला_फियाटवाला (पुणे)

वाचतोय सगळं, मजा येतेय. इकडची बाजू सांगतो. माझ्याकडे फियाट अकराशे, स्टिअरिंगवर गिअर असलेली, १०८९ सीसी. स्पोर्ट्स कार वगैरे नाही, पण प्रश्न तोच. इकडे अर्ध्या लोकांनी स्टिअरिंगवरचा दांडा काढून खाली फ्लोअर गिअर करून घेतला, आणि आता तेच लोक जुना कॉलम शोधत भंगारबाजार धुंडाळतायत.

कारण काय? २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेजचा नियम काढला. पन्नास वर्षांवरची गाडी, 'व्हीए' अक्षरांची नंबरप्लेट, नव्या नोंदणीला २० हजार, दहा वर्षांनी रिन्यू करायला ५ हजार. पण अट अशी की गाडी मूळ स्वरूपात पाहिजे, चासी, बॉडी, इंजिनमध्ये मोठा फेरफार नको, आणि रोज ऑफिसला नेता येणार नाही. त्यात २०१९ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहेच, कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या बाहेर बदल करायचा नाही. तुमच्याकडे 'मला आवडलं म्हणून टाकलं' चालतं, इकडे आरटीओच्या साहेबांच्या मूडवर असतं. म्हणून मी जुनंतेसोनं यांच्या बाजूने, पण तत्त्व वगैरे नाही हो, पासिंगसाठी.

आणखी एक, तुमचं एमजीबीचं इंजिन म्हणजे बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं) बी सिरीज ना? मग ते आमच्या अँबॅसडरचंच घराणं, तिचं १४८९ सीसी, तुमचं १७९८. इकडचा कुठलाही जुना अँबॅसडरवाला मिस्त्री तुमचे टॅपेट डोळे मिटून लावेल. तिकडे लोक त्यासाठी तासाला किती घेतात ऐकलंय, म्हणून सांगितलं.

चोकखेचू (लेस्टर)

फियाटवाले, अँबॅसडरचं मलाही लहानपणापासून डोक्यात आहे, मामाची होती नाशिकला, आवाज ओळखीचा वाटतो तो उगाच नाही. मिस्त्री पाठवून द्या, तिकीट मी काढतो.

इथेनॉलचं काय करता? आमच्याकडे २०२१ पासून साधं पेट्रोल ई१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल), जुन्या गाड्यांना सुपरचं ई५ घालतो. तुमच्याकडे तर ई२०.

पेठेतला_फियाटवाला (पुणे)

रबरी नळ्या सगळ्या बदलल्या, इथेनॉल चालणाऱ्या टाकल्या, पंपाचा डायफ्रामसुद्धा. उभी ठेवायची असली की टाकी जवळजवळ रिकामी आणि फ्लोट चेंबर कोरडा करून ठेवतो, नाहीतर पाणी धरतं आणि पावसाळ्यानंतर उघडलं की आत पांढरी बुरशी लागल्यासारखं. आता हे मॉडिफिकेशन की मेंटेनन्स, जुनंतेसोनं यांनी सांगावं.

जुनंतेसोनं

मेंटेनन्स. नळी नळीच्या जागी आहे आणि तेच काम करतेय. मी आंधळा नाहीये हो, माझ्या गाडीतही ब्रेकचे पाइप कॉपर निकेलचे आहेत, स्टीलचे सडतात म्हणून, आणि पेट्रोलमधलं शिसं गेल्यावर हेडमध्ये कडक व्हॉल्व्ह सीट बसवून घेतल्या. गाडी जिवंत ठेवायला जे लागतं ते करायचंच. पण पाच गिअरने गाडी जिवंत राहत नाही, तुमची पाठ आणि कान सुखी होतात. ती १९७१ ची गाडी १९९१ सारखी चालावी असं वाटत असेल तर १९९१ ची घ्या, माझदाची एमएक्स-५ मस्त आहे, स्वस्त पडते, पाच गिअर कंपनीनेच दिलेत.

गोंधळी_गिअरबॉक्स

एमएक्स-५ चं नाव काढलंत म्हणून आलो, माझ्याकडे आहे 🙋 पण त्या गाडीत गंज कमी आहे असं कुणी सांगितलं असेल तर मागच्या चाकाजवळचे सिल बघून घ्या आधी.

आणि 'ओरिजिनल' 'ओरिजिनल' काय करताय, कंपनीने तरी कुठे ओरिजिनल ठेवली? केन कॉस्टेलो नावाच्या माणसाने एमजीबीत रोव्हरचं ३.५ लिटर व्ही८ घालून विकायला सुरुवात केली, ते बघून कंपनीने १९७३ मध्ये स्वतःची जीटी व्ही८ काढली, जेमतेम अडीच हजार बनवल्या, आणि आज त्याच सगळ्यात मान असलेल्या. १९७४ च्या शेवटी अमेरिकेच्या नियमांसाठी काळे रबरी बंपर लावले, गाडी वर उचलली, पुढचा अँटीरोल बार काढला, वळणावर बोट झाली बोट, तीही ओरिजिनलच ना? आणि त्यातल्या किती गाड्यांना लोकांनी क्रोम बंपर लावून 'पूर्ववत' केलं, जे त्यांना मुळात कधी नव्हतेच! इलेक्ट्रिक फॅनसुद्धा शेवटच्या गाड्यांना कंपनीनेच दिला. मग चोकखेचूने लावला तर सुतक का?

जुनंतेसोनं

कंपनीने केलं तो इतिहास. तुम्ही आम्ही करतो ती हौस. एवढा फरक आहे आणि मला तो पुरतो.

कॉस्टेलोचं मान्य, तो माणूस वेगळा होता. पण त्याचं नाव घेऊन गॅरेजमध्ये कापाकापी करणारे शंभर आहेत.

मीरा_लीड्स

कापाकापी हाच मुद्दा आहे. टनेल (गिअरबॉक्सवरचा फ्लोअरचा उंचवटा) कापावा लागत असेल तर माझा विरोध. नटबोल्टवर बसत असेल तर हरकत नाही. आणि गाडीच्या फाइलमध्ये लिहून ठेवा, कधी काय काढलं, कुठला पार्ट, कुठल्या खोक्यात, फोटोसकट. माझ्या सिलच्या वेळी कुणी एवढं केलं असतं तर.

चोकखेचू (लेस्टर)

टनेल कापायचा नाही, किटच तसं घेतोय, स्वतःच्या बेलहाउसिंगसकट (इंजिनाला जोडणाऱ्या कवचासकट). इंजिन मात्र बाहेर काढावंच लागेल, या गाडीत गिअरबॉक्स एकटा निघत नाही. फाइलची आयडिया घेतली ताई.

जुनंतेसोनं

शेवटचं विचारतो. इंजिन काढणारच आहात, तर ओव्हरड्राइव्हवाला जुना एमजीबीचाच चार गिअरचा बॉक्स का नाही? लेकॉकचा ओव्हरड्राइव्ह ०.८२ चा, तुमच्या टाइप नाइनचा पाचवा गिअरही तेवढाच, म्हणजे ७० ला दोन्हीत साधारण ३२०० आरपीएम. कान तेवढेच सुखी. वर स्विच टाकला की तिसऱ्यातही लागतो, तो खटका पाच गिअरमध्ये कुठे? आणि तुमच्या गाडीला १९७१ मध्ये तो मिळूच शकत होता, पहिल्या मालकाने फक्त पैसे वाचवले.

चोकखेचू (लेस्टर)

बघितले होते. चांगला रिबिल्ड केलेला मिळाला तर किटच्या आसपासच जातो, आणि न उघडलेला घ्यायचा म्हणजे आत सिंक्रो कसे निघतील याचा जुगार. शिवाय टाइप नाइन वजनाला हलका.

जुनंतेसोनं

वजनाचं सांगू नका, स्कॉटलंडला जाताना डिकीत पॉइंटचा डबा, कंडेन्सर आणि हत्यारं घेऊन जाणार आहात. एक बॉक्स माझ्या ओळखीत आहे, उघडून तपासलेला, ६८ नंतरचा, तुमच्या गाडीला बसेल. मेसेज करा. आणि नाहीच घेतलात तर तुमचा जुना बॉक्स खोक्यात ठेवू नका, मला द्या.

पेठेतला_फियाटवाला (पुणे)

बघा, शेवटी धंद्यावर आले 😂

मीरा_लीड्स

चोकखेचू, बॉक्स कुठलाही घ्या, पण तो बाहेर असताना क्लच आणि रिलीज बेअरिंग नवंच टाका. त्या कार्बन बेअरिंगसाठी परत इंजिन काढायचं म्हणजे अख्खा वीकेंड गेला.