बायबॅकच्या इव्हेंट स्टडीत शून्य दिवस कुठला धरू? मदत हवी आहे

एमकॉमचा प्रोजेक्ट चालूये, इव्हेंट स्टडी आहे (एखाद्या घटनेच्या आसपास भाव नेहमीपेक्षा किती वेगळा हलला ते मोजायचं, घटनेचा दिवस म्हणजे शून्य दिवस): बायबॅकच्या (कंपनी स्वतःचेच शेअर परत विकत घेते त्याच्या) घोषणेवर शेअरचा भाव कसा हलतो, १ ऑक्टोबर २०२४ च्या आधी आणि नंतर, कारण तेव्हापासून बायबॅकचे पैसे शेअरहोल्डरच्या हातात डिव्हिडंड म्हणून टॅक्स व्हायला लागले, त्याआधी टॅक्स कंपनी भरायची. फक्त टेंडर ऑफर (कंपनी शेअरहोल्डरांकडून ठरलेल्या भावाने शेअर मागवते ते बायबॅक) घेतल्यात, मार्केट मॉडेल (बाजाराच्या चालीवरून शेअरचा अपेक्षित परतावा काढायचं मॉडेल) निफ्टी ५०० निर्देशांकावर. घोळ असा की बायबॅकसाठी बोर्ड मीटिंग आहे हे एक्स्चेंजला आधीच कळवावं लागतं आणि भाव बऱ्याचदा तिथेच उडतो, मग मंजुरीच्या दिवशी ढिम्म. विंडो (शून्य दिवसाच्या आसपासचे मोजायचे दिवस) मागे ताणली तर तिमाही रिझल्ट मध्ये घुसतात, ते बायबॅक काढले तर नंतरचं सॅम्पल अगदीच किरकोळ उरतं. पेड डेटाबेस नाहीये, बीएसईच्या फायलिंगवरच भागवतोय. तर शून्य दिवस सूचनेचा धरू का मंजुरीचा, आणि बाजार बंद झाल्यावर आलेली सूचना पुढच्या ट्रेडिंग दिवसावर टाकायची ना?