विषय: पहिला फोन तक्रारीचा नको (रविवारच्या मराठी शाळेतल्या नव्या शिक्षकांसाठी)

प्रेषक: मं., एडिसन

नमस्कार मंडळी,

रविवारच्या मीटिंगमध्ये नव्या शिक्षकांपैकी दोघी म्हणाल्या की पालक ईमेलला उत्तरच देत नाहीत, मुलांना दारात उतरवतात आणि गाडी वळवून निघतात, मग आम्ही बोलायचं कुणाशी. तेव्हा हॉल रिकामा करायची घाई होती म्हणून आत्ता सविस्तर लिहितेय. मी इथे न्यू जर्सीत पब्लिक स्कूलमध्ये (सरकारी शाळेत) चौथीला शिकवते, १४ वर्षं झाली, आपल्या रविवारच्या शाळेत ६ वर्षं, आणि दोन्हीकडे मला एकच गोष्ट परत परत दिसलीये. आपण घरी फोन करतो तो काहीतरी बिनसल्यावरच. शाळेचा नंबर दिसला की आईच्या पोटात गोळा येतो, पडला का, ताप आला का, कुणाला मारलं का. अशा माणसाने आपल्याशी मोकळं बोलावं म्हटलं तर ते कसं होणार?

म्हणून मी सप्टेंबरच्या पहिल्या तीन आठवड्यांत वर्गातल्या प्रत्येक घरी एक फोन करते. प्रत्येक म्हणजे प्रत्येक, हुशार, शांत, दंगेखोर सगळे. ३-४ मिनिटं. मुलाबद्दल मला दिसलेली एक चांगली गोष्ट सांगते, आणि ती नेमकी हवी, 'छान मुलगी आहे' असलं गुळमुळीत नको, 'काल नवीन आलेल्या मुलीला हिने स्वतःहून जेवणाची लाइन दाखवली' असं. मग एकच प्रश्न, तुम्ही मला सांगा, घरी हिचं मन कशात रमतं? २३ घरं असतात, रोज दोन केले तर १२ दिवसांत होतात.

हा प्रश्न मी कुठे शिकले ते सांगते. एका वर्षी वर्गात आपला एक मराठी मुलगा होता, गणितात पक्का, पण डेसिमल सुरू झाले आणि तो अडला. ४.३ मध्ये ०.३ मिळवले की उत्तर ५ लिहायचा. ४.७ असा आकडा असतो हेच त्याला पटेना. मी दोन आठवडे ठोकळे काढले, नंबर लाइन काढली, तो मान डोलवायचा आणि परत ५ लिहायचा. नोव्हेंबरच्या पालक-शिक्षक कॉन्फरन्सला आई आली, मी जे बोलले त्याला 'हो मॅडम, हो मॅडम' म्हणाली, एकही प्रश्न विचारला नाही. माझी अमेरिकन सहकारी नंतर म्हणाली, यांना फारसा रस दिसत नाही. मी तिला सांगितलं की आमच्याकडे शिक्षकांना उलट प्रश्न विचारला तर त्यांच्यावर विश्वास नाही असं वाटतं, ती गप्प बसली ते मान ठेवायला. पण हे सांगताना मलाच जाणवलं की मीही त्या बाईंना काही विचारलं नव्हतं, १५ मिनिटं मीच बोलत होते.

त्या रात्री फोन केला आणि विचारलं की हा घरी काय करतो. आई खुलली. म्हणाली, शनिवारी सकाळी सांगलीच्या आजोबांबरोबर व्हिडिओ कॉलवर क्रिकेटची मॅच बघतो आणि दोघं आपापल्या वहीत स्कोअर लिहितात, पाच वर्षांचा असल्यापासून. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ४.३ म्हणजे त्याच्यासाठी ४ ओव्हर ३ बॉल! त्यात आणखी ३ बॉल टाकले की ५ ओव्हर पूर्ण होणारच, आणि ४.७ कुठून येणार, ओव्हरला सहाच बॉल. पोरगं इतके दिवस अगदी तर्काने वागत होतं. दुसऱ्या दिवशी मी त्याला वर्गापुढे ओव्हरचं टिंब समजावून सांगायला लावलं, मग विचारलं की ओव्हर दहा बॉलची असती तर? झालं, तिथेच सुटलं. दोन आठवड्यांत मला जे कळलं नाही ते त्याच्या आईकडे पहिल्यापासून होतं.

हे मी एकटीच म्हणते असं नाही. अॅरिझोनात टूसॉनला लुइस मोल या शिक्षण-संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिक्षकांना मेक्सिकन कुटुंबांच्या घरी पाठवलं, शिकवायला नाही तर शिकायला, त्यांचा १९९२ चा लेख आमच्या ट्रेनिंगमध्ये अजून वाचतात. शेतीचं, बांधकामाचं, औषधी झाडपाल्याचं केवढं ज्ञान त्या घरांत होतं आणि शाळेला त्याचा पत्ता नव्हता. सॅक्रामेंटोमध्ये १९९८ पासून शिक्षक घरभेटी करतात, दोघादोघांनी जायचं, दोन्ही बाजूंच्या मर्जीने, फक्त अडचणीतल्या मुलांकडे नाही तर सगळ्यांकडे, आणि पहिल्या भेटीत मार्कांचं न बोलता तुमच्या मुलासाठी तुमची स्वप्नं काय आहेत एवढंच विचारायचं. आपल्या वर्गात ८-१० मुलं. आपण यंदा निदान हे फोन करू या का?

मं.

---

प्रेषक: अ., पिस्कॅटवे

मं. ताई, तुमचा मेल बायकोला मोठ्याने वाचून दाखवला, दोघंही बराच वेळ काही बोललो नाही.

आमचा मुलगा पहिलीत असताना आठवड्याला दोन फोन यायचे, आज खाली बसला नाही, आज ओरडला, आज दप्तर फेकलं. कधीही चांगला फोन नाही. शेवटी शेवटी मी नंबर बघून उचलायचाच नाही, आणि शाळेत नोंद झाली असणार की बाप रिस्पॉन्ड करत नाही. बोलायला उशीर होत होता म्हणून तिथल्याच कुणीतरी सांगितलं की घरी फक्त इंग्रजी बोला, दोन भाषांनी गोंधळतोय. आम्ही ऐकलं, आठ महिने घरात मराठी बंद. त्याचं इंग्रजी काही त्यामुळे सुधारलं नाही पण आजीशी फोनवर बोलणं मात्र थांबलं, ती तिकडून 'काय जेवलास' विचारायची आणि हा फोन माझ्या हातात द्यायचा. पुढच्या वर्षी नवीन स्पीच थेरपिस्ट आल्या, त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला की घरी कुठल्या भाषेत लाड करता? आणि स्वच्छ सांगितलं की मराठीच बोला, तुम्हाला जी भाषा नीट येते तीच त्याला भरपूर मिळू दे. ते आठ महिने मला अजून टोचतात.

आयईपी मीटिंगचं (वेगळी गरज असलेल्या मुलाचा शिक्षण आराखडा ठरवायची शाळेतली बैठक) पण सांगतो, कारण आपल्यातले बरेच लोक याबद्दल उघड बोलत नाहीत. टेबलाच्या एका बाजूला सात जण, सगळ्यांची पदं सांगून ओळख, समोर आम्ही दोघं 'मॉम' आणि 'डॅड'. कायद्याने पालक त्या टीमचे बरोबरीचे सदस्य आहेत, १९७५ पासून आहेत, पण तिथे बसल्यावर कोर्टात बसल्यासारखं वाटतं. आमच्या बाबतीत दोन गोष्टींनी फरक पडला. शाळेच्या चाइल्ड स्टडी टीममधल्या (अशा मुलांची गरज तपासणाऱ्या गटातल्या) केस मॅनेजरने आराखड्याचा मसुदा आठवडाभर आधी घरी पाठवायला सुरुवात केली, त्यामुळे आम्ही प्रश्न लिहून नेऊ लागलो. आणि दुसरीच्या बाईंनी एक वही सुरू केली, रोज त्या दोन ओळी लिहायच्या, सकाळी आम्ही दोन ओळी. 'काल रात्री नीट झोपला नाही, पाहुणे होते' एवढंच लिहिलेलं असलं तरी बाईंना कळायचं की आज सकाळी त्याला घाई करायची नाही. फेकाफेकी कमी झाली ती तिथून.

रविवारच्या शाळेत पण असं एखादं मूल असतंच. त्याच्या आईबापांना आधी विचारा की याचं काय केलं की चालतं, त्यांना माहिती असतं.

अ.

---

प्रेषक: एक निवृत्त शिक्षिका (मुलाच्या ईमेलवरून), सॉमरसेट

सर्वांना नमस्कार. मी सहा महिन्यांसाठी मुलाकडे आले आहे. बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं होते. मं. बाई, तुम्ही लिहिलंत ते वाचून राहवलं नाही.

आमच्याकडे दसरा-दिवाळी झाली की निम्मा वर्ग रिकामा व्हायचा. ऊसतोडीला जायचं. नवराबायको मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी, मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतलेली, मग मागे कुणी राहत नाही तर लेकरं पण ट्रकमध्ये, ती परत येणार थेट मार्च-एप्रिलला. नवीन असताना मी आईबापांना शाळेत बोलवून सुनवायचे की लेकराचं नुकसान करताय. ते मान खाली घालून ऐकायचे, आणि चार दिवसांनी घराला कुलूप. मग एका आजीनेच मला सांगितलं, बाई, तुम्ही उशिरा येता, उचल घेतली की गोष्ट संपली, तुम्ही पोळ्याच्या सुमाराला या. त्या वर्षापासून मी पोळ्याच्या आसपास संध्याकाळी जायला लागले, हातात हजेरी नाही, ओट्यावर बसायचं, चहा घ्यायचा, आणि बोलायचं ते आजीशी, कारण लेकरू मागे ठेवायचं की नाही हे आजीच्या तब्येतीवर ठरायचं. पुढे हंगामी वसतिगृह आलं, म्हणजे मुलांनी गावातच राहायचं आणि दोन वेळचं जेवण मिळायचं. ते चालवायची आमची शाळा व्यवस्थापन समिती. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने त्या समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या बायका लागतात. कागदावर सगळीकडे असतात, पण आमच्या गावात त्या बायका खरंच यायच्या कारण भाकरी कुणी करायच्या आणि तेल किती लागेल हे त्यांच्याशिवाय ठरत नव्हतं. काम खरं असलं की माणसं येतात. नुसती सही करायला कोण येणार?

डीएडला असताना बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांबद्दल शिकले होते, १९४५ ला डहाणूजवळच्या बोर्डीला गेल्या आणि वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, अंगणवाडी हा शब्द तिथला. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी आणि अनुताई वाघांनी कुरणशाळा काढली. परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. अर्थ कळला तो त्या ओट्यावर.

इथे नातवाच्या शाळेत मी रोज सोडायला जाते, भाषा येत नाही म्हणून गेटपाशीच थांबते. कुणी आत बोलावलं तर आवडेल.

---

प्रेषक: श्रु., प्लेन्सबरो

सगळ्यांचं पटलं पण एक सांगते, प्लीज घरभेट नको. शिक्षक घरी येणार म्हटलं की आपल्याकडे घर आवरा, पोहे करा, बसा, आणि आमच्याकडे मी रात्रपाळीची नर्स, नवरा शनिवारी पण कामावर. मी मुलीला दारात सोडून गाडी वळवते त्यातलीच एक आहे, कारण मी सकाळी ८ ला घरी येऊन दोन तास झोपून तिला आणलेलं असतं. रस नाही म्हणून नाही. आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर ४० मेसेज टाकले म्हणजे संपर्क झाला असंही धरू नका, त्यात माझ्या मुलीबद्दल एक ओळ नसते.

---

प्रेषक: मं., एडिसन

श्रु., लिहिलंस ते फार बरं झालं, मला गाडी दिसत होती, रात्रपाळी माहीत नव्हती. घरभेट कुणावर लादायची नाहीच, लायब्ररीत, पार्कात, फोनवर, जिथे सोयीचं असेल तिथे. फोनआधी एक मेसेज करू, 'सगळं ठीक आहे, फक्त ओळख करून घ्यायची आहे, कधी फोन करू?' 'सगळं ठीक आहे' हे पहिलं, म्हणजे कुणी दचकणार नाही. तुला दुपारी ४ नंतर चालेल का?

बाई, तुमच्या नातवाच्या शाळेबद्दल: सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळांना घरच्यांशी त्यांना समजेल अशा भाषेत बोलायची सोय करावी लागते, १९६४ च्या नागरी हक्क कायद्यापासून ते चालत आलंय, त्यामुळे तुमच्या मुलाला ऑफिसमध्ये दुभाष्या मागायला सांगा, फोनवर मिळतो. फक्त नातवाला दुभाष्या करू नका, स्वतःबद्दलची तक्रार स्वतःच सांगायची वेळ मुलावर येऊ नये. आणि रविवारी आमच्या वर्गात या. अंगणात चालणाऱ्या शाळेची गोष्ट मुलांना तुमच्याकडूनच ऐकायचीये.

अ. दादा, दोन ओळींच्या वहीचा एक फोटो पाठवाल का? मुलाचं नाव झाकून.

---

प्रेषक: अ., पिस्कॅटवे

फोटो पाठवतो, आधी मुलाला विचारतो, वही त्याची आहे. आपल्या शाळेच्या लेव्हल दोनच्या वर्गाची ९ घरं माझ्याकडे द्या, मंगळवार-बुधवार रात्री ८ नंतर करेन. बाईंना रविवारी आणायला मी येतो, सॉमरसेट वाटेवरच आहे.