ओपनफोम (हवा-पाण्याच्या प्रवाहाचं गणित करणारं सॉफ्टवेअर) तीन मशीनवर एकत्र चालवायचं आहे, सल्ला हवा

वावटळ:
तीन डेस्कटॉप, प्रत्येकी ८ कोर, ३२ जीबी रॅम, उबुंटू २२.०४, मधे गिगाबिट स्विच. मेश (प्रवाहाच्या जागेचे बारीक तुकडे, म्हणजे सेल) २४ लाख सेलची, सॉल्व्हर (गणित सोडवणारा प्रोग्रॅम) सिम्पलफोम. एका मशीनवर ८ कोरांत केस (या गणिताच्या सगळ्या फायली) व्यवस्थित चालते. तिन्ही मशीन घेतल्या की दुसऱ्या मशीनकडून 'सिम्पलफोम सापडत नाही' असा एरर. पूर्ण पाथ दिला तर स्क्रीन थांबून राहते, लॉगमध्ये काहीच येत नाही. मुळापासून पुन्हा करायची तयारी आहे. जाणकारांनी क्रम सांगावा.

जाळीदार:
आधी आवृत्ती ठरवा. ओपनफोमच्या दोन मुख्य शाखा आहेत: फाउंडेशनची आणि ओपनसीएफडीची. फाउंडेशनच्या आवृत्ती ११ पासून सिम्पलफोमची जागा फोमरनने घेतली, त्यामुळे तुमच्या केस फायली तशाच वापरायच्या असतील तर दर जून-डिसेंबरला येणारी दुसरी शाखा घ्या, उदा. व्ही२४०६. तिन्हीकडे तीच आवृत्ती, त्याच पाथवर, एपीटीनेच (उबुंटूचं पॅकेज टाकायचं साधन) टाका. ओपनएमपीआय (वेगवेगळ्या मशीनवरच्या प्रोसेसना एकमेकींशी बोलतं करणारी एमपीआय लायब्ररी) सोबत येतं, वेगळं टाकू नका. अ‍ॅनाकोंडा (पायथनचा संच) असेल तर त्याचं एमपीआयरन (एमपीआयवर प्रोग्रॅम सुरू करणारी कमांड) आधी उचललं जाऊ शकतं, 'व्हिच' (कमांड कुठून उचलली जाते ते दाखवते) लावून खात्री करा.

केसचं फोल्डर एनएफएसने (नेटवर्कवरून फोल्डर वाटून घ्यायची सोय) शेअर करा. तिन्हीकडे पाथ एकच, यूजर एकच आणि त्याचा यूआयडीही (यूजरचा क्रमांक) एकच हवा. एसएसएच (दुसऱ्या मशीनवर दुरून लॉगिन करायची सोय) की टाकून पासवर्डशिवाय लॉगिन होतंय ना, तेही आधीच पाहून घ्या.

टर्मिनल_उघडा:
'सापडत नाही'चं कारण बहुधा बॅशआरसी, म्हणजे शेल सुरू होताना वाचली जाणारी फाइल. उबुंटूच्या या फाइलमध्ये अगदी वर एक 'केस' ब्लॉक (शेलमधली अट, तुमची ओपनफोम केस नव्हे) असतो: शेल इंटरॅक्टिव्ह नसेल (समोर कोणी टाइप करत नसेल) तर तिथूनच रिटर्न. एमपीआय दुसऱ्या मशीनवर एसएसएचने शिरतं तेव्हा शेल इंटरॅक्टिव्ह नसतं. आपण ओपनफोमची सोर्स ओळ (तिचे पाथ शेलला सांगणारी) सवयीने फाइलच्या तळाशी लिहितो, तिथवर गाडी पोचतच नाही. ती ओळ त्या ब्लॉकच्या वर न्या, तिन्ही मशीनवर. मग एसएसएचने थेट 'व्हिच सिम्पलफोम' चालवून बघा. हाताने लॉगिन करून तपासलंत तर सगळं ठीकच दिसेल, तिथेच फसायला होतं.

जाळीदार:
आता थांबून राहण्याचं. एमपीआयरनने आधी नुसती 'होस्टनेम' कमांड चालवा. तिन्ही नावं आली तरी निश्चिंत होऊ नका, कारण त्या कमांडमध्ये प्रोसेस एकमेकींशी बोलतच नाहीत. बोलणं सॉल्व्हरपासून सुरू होतं आणि अडतं तिथेच. तीन जागा तपासा:

डॉकर (कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर). ते असलेल्या प्रत्येक मशीनवर मुळात १७२.१७.०.१ हाच पत्ता असतो, ओपनएमपीआय त्या वाटेने जायला बघतं आणि लटकतं. 'बीटीएल टीसीपी इफ इन्क्लूड' आणि 'ओओबी टीसीपी इफ इन्क्लूड' या एमपीआयरनच्या दोन्ही एमसीए पर्यायांना (सेटिंगना) तुमच्या स्विचचा सबनेट (तिथल्या आयपी पत्त्यांचा गट) द्या.

यूएफडब्ल्यू (उबुंटूची फायरवॉल). पोर्ट दर वेळी बदलतात, म्हणून एखादं पोर्ट उघडून भागत नाही, पूर्ण सबनेटला परवानगी द्या.

होस्ट्स फाइल (मशीनची नावं आणि आयपी यांची यादी). मशीनचं स्वतःचं नाव १२७.०.१.१ समोर असतं, तिथे खरा आयपी लिहा.

वावटळ:
डॉकरच होतं! चालू झालं, मनापासून आभार. मेश तोडायची पद्धत आणि वेगाबद्दल काही?

टर्मिनल_उघडा:
स्कॉच पद्धत (तुकड्यांमधली देवाणघेवाण कमी ठेवते), २४ तुकडे. होस्टफाइलमध्ये (एमपीआयरनला द्यायची मशीनची यादी) दर मशीनला स्लॉट ८ च, हायपरथ्रेडिंगचे १६ धरू नका. या कामात मेमरीची बँडविड्थ आधी संपते. कोरमागे लाखभर सेल येतात, गिगाबिटला ते चालेल. कोरमागे पंचवीस-तीस हजार सेलवर आलात की प्रेशर सॉल्व्हरचा वेळ नेटवर्कमध्ये जाईल.

८, १६, २४ वर शंभर-शंभर इटरेशन घेऊन वेळ ताडून पाहा. 'टॉप'मध्ये १०० टक्के दिसतं त्यावर जाऊ नका, वाट पाहणारी एमपीआय प्रोसेसही सीपीयू पूर्ण खाते. लॉगमधला क्लॉकटाइम (घड्याळाचा वेळ) एक्झिक्युशनटाइमपेक्षा (सीपीयूचा वेळ) बराच जास्त असेल तर अडचण बहुतेक एनएफएसवर लिहिण्यात आहे. सहा फील्ड (वेग, दाब वगैरे) गुणिले २४ म्हणजे प्रत्येक राइटला १४४ फायली. राइट इंटरव्हल वाढवा किंवा फाइलहँडलर कोलेटेड (सगळ्या तुकड्यांचं एकत्र लिहिणारा) ठेवा. मशीनची घड्याळं क्रोनीने (वेळ जुळवणारा प्रोग्रॅम) जुळवा, आणि मधेच सेटिंग बदलायची नसेल तर रनटाइममॉडिफायेबल 'नो'.

जाळीदार:
निकाल नुसता पाहायचा असेल तर रिकन्स्ट्रक्टपारची (तुकडे पुन्हा जोडणारी कमांड) गरज नाही, पॅराव्ह्यूमध्ये (निकाल चित्रात दाखवणारं सॉफ्टवेअर) 'डिकम्पोज्ड केस' निवडा.