ऐप्टेशिया चिमट्याने उपटावा का?

शाहूपुरीकर:
नव्या रीफ टँकमधल्या (प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतल्या) खडकावर उगवलेला ऐप्टेशिया म्हणजे ‘फुकटचे ॲनिमोन’ (समुद्रफूल) असून नकोसा झाल्यास चिमट्याने उपटावा, असे काल एका जाणकारांनी लिहिले. नवख्याच्या टाकीचे वाटोळे करणारा हा सल्ला आहे. तपकिरी, अर्धपारदर्शक देठ, लांब टोकदार शुंडके आणि धक्का लागताच छिद्रात गडप होण्याची सवय, ही त्याची ओळख. डिवचला की तो पांढरे दंशक धागे बाहेर टाकतो आणि उपटताना तळव्याचा कण जरी खडकाला चिकटून राहिला, तरी त्यातून नवा जीव उभा राहतो. मजानो हा दुसरा उपद्रवी ॲनिमोन आखूड असतो, त्याच्या शुंडकांची टोके फुगीर असतात. म्हणूनच तो ‘बबल टिप’ हा शोभेचा ॲनिमोन समजून लोक हौसेने सांभाळतात. उपाय साधा आहे: पंप बंद करून कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा (म्हणजे विरवलेल्या चुन्याचा) घट्ट लगदा सिरिंजने थेट तोंडावर सोडावा, मात्र एका बैठकीत मोजकेच टिपावेत, नाहीतर पाण्याचा पीएच चढतो.

रंकाळाकाठ:
ते ‘जाणकार’ मीच. माझ्या टाकीत ऐप्टेशिया खाणारी पेपरमिंट कोळंबी सोडली आणि आठवड्यात खडक स्वच्छ झाला. तुमच्या सिरिंजा तुम्हालाच लखलाभ.

शाहूपुरीकर:
कोळंबी खरी पेपरमिंट असेल तर साहेब, मान्य. बाजारात त्याच नावाने कुबडाची, पांढऱ्या पट्ट्यांची कॅमल कोळंबी गळ्यात मारतात आणि ती ऐप्टेशिया सोडून झोअँथिड (टाकीत हौसेने ठेवलेले प्रवाळासारखे जीव) कुरतडते.

राजारामपुरीची ताई:
दोघेही मुळाशी जात नाहीत. ही कीड आली कशावरून? लाइव्ह रॉकवरून, म्हणजे समुद्रातून जिवाणू-जीवांसकट आणलेल्या दगडावरून. तो दगड मालवणच्या किनाऱ्यावरून उचललेला नाही, हे छातीठोकपणे सांगाल? तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. शिवाय दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, मग ते जिवंत असोत वा मेलेले.

रंकाळाकाठ:
ताई, मी रत्नागिरीहून कॅनमधून फक्त समुद्राचे पाणी आणतो, दगड नव्हे. तेही आता चोरी ठरवणार का?

राजारामपुरीची ताई:
चोरी म्हटलेले नाही. पण पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी भरलेल्या पाण्याची क्षारता (खारटपणा) समुद्राच्या दर हजारी ३५ च्या कितीतरी खाली असते, हे न मोजता ओतणाऱ्यांनी इतरांना शहाणपण शिकवू नये. कोरडा खडक आणि टाकीसाठीच्या समुद्री मिठाचे पाणी वापरले असते, तर ही चर्चाच उद्भवली नसती.

रंकाळाकाठ:
कोरड्या खडकावर जीवाणू बसेपर्यंत थांबायला आमच्याकडे तुमच्याइतका रिकामा वेळ नाही!

शाहूपुरीकर:
ताईंचे अर्धेच पटते. कोरडा खडक घेतला, तरी प्रवाळाचा तुकडा ज्यावर चिकटवून विकतात त्या छोट्या बैठकीखाली, म्हणजे प्लगखाली, चिकटून ऐप्टेशिया येतोच. प्लग बुडवण्याआधी भिंगाने पाहावा; शक्य असेल तर तुकडा सोडवून प्लगच फेकून द्यावा.

रंकाळाकाठ:
ठीक आहे, महाराज, चिमटा खाली ठेवला. आता पानपट्टीवरचा चुना चालेल की त्यासाठीही पुण्याहून पार्सल मागवायचे?

शाहूपुरीकर:
पानाच्या चुन्यात काय मिसळलेले असते, ते टपरीवालाही सांगू शकणार नाही. रसायनांच्या दुकानात शुद्ध मिळतो. हातमोजे घालून आरओच्या पाण्यात कालवा.