फायरस्टॉर्म अचानक सेकंदाला २ फ्रेमवर, बाकी लिनक्स मात्र ठीक चाललंय

सावलीतली_वेल

नमस्कार मंडळी,

मी सेकंड लाइफ या ऑनलाइन आभासी जगात २०१४ पासून जाते आणि पहिल्या दिवसापासून लिनक्सवरूनच जाते. मला ऐकू येत नाही. आमच्या तिथल्या गटात सगळे टाइप करून बोलतात. त्यामुळे कुणाच्या ओठांकडे टक लावून बसावं लागत नाही, कुणी मध्येच मान वळवली म्हणून अर्धं वाक्य हातचं जात नाही. हे आधीच सांगते, कारण 'ते सोडा, दुसरं काही वापरा' हा सल्ला मला दोनदा मिळालाय आणि त्याचा मला काहीच उपयोग नाही.

अडचण मंगळवारपासून फायरस्टॉर्ममध्ये, म्हणजे ते जग दाखवणाऱ्या व्ह्यूअरमध्ये, सुरू झाली. लॉगिन होतं, आजूबाजूचं सगळं दिसतं, पण बाण दाबल्यावर अवतार पाऊल उचलतो ते दोन-तीन सेकंदांनी. कंट्रोल-शिफ्ट-१ दाबून आकडेवारी उघडली तर एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम ते) १.८. एरवी ४० च्या खाली क्वचित जायचा. ड्रॉ डिस्टन्स (किती लांबपर्यंतचं दिसावं ते) १२८ मीटरवरून ३२ वर आणलं, सावल्या बंद केल्या, ग्राफिक्सची पट्टी अगदी डावीकडे नेली. तेव्हा २.१ झाला. पॅकेट लॉस शून्य आहे, पिंग नेहमीचाच, म्हणजे नेट ठीक आहे.

व्ह्यूअर बदललेला नाही. डेस्कटॉप पीसी आहे, प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही, वेगळं कार्ड लावलंय, त्यावर कार्डाच्या कंपनीचा बंद स्रोताचा ड्रायव्हर. उबुंटू २४.०४. ब्राउझर, मेल, लिब्रेऑफिस सगळं चालतंय. व्हिडिओ थोडा अडखळतो, पण तो त्या साइटचा दोष असेल असं समजून सोडून दिलं.

शनिवारी संध्याकाळी आमच्या गटाचं वाचन आहे आणि यंदा पहिल्यांदाच माझी पाळी आहे. तोपर्यंत हे सुटायला हवं.

चक्रधर७

कॅशे (तात्पुरता साठवलेला डेटा) बिघडला असणार. होम फोल्डरमध्ये लपवलेल्या फाइली दाखवायला सांगा, टिंबाने सुरू होणारं फायरस्टॉर्मचं फोल्डर दिसेल. ते अख्खं उडवा आणि नव्याने लॉगिन करा. मी दर काही महिन्यांनी हेच करतो, एकदम स्वच्छ होतं.

आडवाट

ताई, थांबा. ते फोल्डर उडवू नका.

चक्रधर, तुमचा हेतू चांगला आहे, पण त्या फोल्डरमध्ये कॅशेखेरीज बरंच काही असतं. तुमच्या सगळ्या सेटिंग्ज आणि, वेगळी जागा ठरवून दिली नसेल तर, चॅटच्या सगळ्या नोंदी तिथेच, खात्याच्या नावाच्या फोल्डरात साठतात. एकेका माणसाशी झालेल्या बोलण्याची एकेक फाइल. त्या सर्व्हरवरून परत मिळत नाहीत. कॅशेच साफ करायचा तर प्रेफरन्सेसमध्ये त्यासाठी बटण आहे.

शिवाय लक्षणंही कॅशेची वाटत नाहीत. कॅशे बिघडला की टेक्श्चर (वस्तूंवरची चित्रं) करडी राहतात, वस्तू उशिरा उमटतात. ४० वरून २ वर कोसळणं वेगळं. आणि ड्रॉ डिस्टन्स चौथ्या हिश्शावर आणूनही फरक पडत नसेल, तर चित्र काढणारा हातच बदललाय असा माझा संशय आहे.

दोन गोष्टी सांगा. हेल्प मेनूतल्या 'अबाउट फायरस्टॉर्म'मध्ये ग्राफिक्स कार्डसमोर काय लिहिलंय? आणि व्ह्यूअर चालू असताना प्रोसेसरचा पंखा जोरात फिरतो का?

सावलीतली_वेल

आडवाट, तुमचे आभार कसे मानू? माझा हात त्या फोल्डरवरच होता. त्यात एका मैत्रिणीशी २०१४ पासून झालेलं सगळं बोलणं आहे. ती आता या जगात नाही. तिचा आवाज मी कधीच ऐकला नव्हता, म्हणजे ती फाइल हाच माझ्यासाठी तिचा आवाज. कुठे साठते तेही मला आजवर ठाऊक नव्हतं. आधी तिची प्रत दोन पेन ड्राइव्हवर घेतली, मग पुढचं पाहिलं.

पंख्याचा आवाज मला कळत नाही, म्हणून कॅबिनेटवर तळहात ठेवला. व्ह्यूअर बंद असताना अगदी हलकी थरथर. चालू केल्यावर अर्ध्या मिनिटात पत्रा जोरात थरथरायला लागला आणि मागून गरम हवा.

ग्राफिक्स कार्डसमोर माझ्या कार्डाचं नावच नाही. तिथे 'एलएलव्हीएमपाइप' असा शब्द आहे.

आणि आता तुमचा प्रश्न वाचून आठवलं. माझा दुसरा मॉनिटरही मंगळवारपासूनच काळा आहे. केबल गेली असं धरून मी नवी मागवणार होते.

आडवाट

केबल मागवू नका. 'एलएलव्हीएमपाइप' या शब्दातच उत्तर आहे. कार्डाचा ड्रायव्हर सापडला नाही की मेसा, म्हणजे लिनक्सवरचं ग्राफिक्सचं सॉफ्टवेअर, चित्र काढण्याचं काम प्रोसेसरवर टाकतं; त्याचंच हे नाव. ब्राउझर आणि मेलला तेवढं पुरतं, म्हणून बाकी सगळं ठीक वाटतं. पण आभासी जगात प्रत्येक फ्रेमला असंख्य त्रिकोण आणि टेक्श्चर असतात, तिथे प्रोसेसर धापा टाकतो. तुमच्या तळहाताला जाणवलं ते हेच. ड्रायव्हर नसताना कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) साध्या चित्रव्यवस्थेवर एकच मॉनिटर चालतो, म्हणून दुसरा काळा.

मंगळवारी काय बदललं? कर्नल? बायोस, म्हणजे मदरबोर्डवरचं फर्मवेअर?

सावलीतली_वेल

बायोस! मदरबोर्डच्या कंपनीचं अपडेट सोमवारी रात्री टाकलं होतं.

आडवाट

मग बहुतेक त्या अपडेटने सेटिंग्ज मूळ जागी नेल्या आणि सिक्युअर बूट (ओळखीची सही नसलेलं सॉफ्टवेअर मशीन सुरू होतानाच अडवणारी सोय) पुन्हा सुरू झालं. टर्मिनलमध्ये मॉकयुटिल ही आज्ञा 'एसबी-स्टेट' पर्यायासह चालवा. 'एनेबल्ड' आलं तर मॉडप्रोब या आज्ञेने ड्रायव्हरचं मॉड्यूल (कर्नलला जोडायचा भाग) हाताने चढवून पाहा. 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' म्हणालं की निदान पक्कं.

डीकेएमएस, म्हणजे तुमच्या कर्नलसाठी ड्रायव्हर बांधून देणारं साधन, मॉड्यूल बांधताना त्यावर तुमच्याच मशीनवरच्या चावीने सही करतं. ती चावी फर्मवेअरकडे नोंदलेली नसेल तर सिक्युअर बूटमध्ये कर्नल ते मॉड्यूल दारातच अडवतं. सिक्युअर बूट बंद करूनही सुटेल, पण मी चावी नोंदवेन. उबुंटूवर ती /व्हार/लिब/शिम-साइन्ड/मॉक मध्ये 'मॉक.डीईआर' नावाने असते. मॉकयुटिलच्या 'इम्पोर्ट' पर्यायाला ती द्या. एक पासवर्ड ठरवायला सांगेल. तो साध्या इंग्रजी अक्षरांचा ठेवा, कारण पुढच्या पडद्यावर कीबोर्डची मांडणी अमेरिकी असते. मग रीस्टार्ट करा. निळा पडदा येईल, त्यात 'एनरोल मॉक' (मॉक म्हणजे मशीनच्या मालकाची चावी) निवडा. तो पडदा फक्त १० सेकंद थांबतो, तेव्हा जागेवरून उठू नका.

सावलीतली_वेल

'एनेबल्ड' होतं आणि चावी नाकारल्याचा संदेशही जसाच्या तसा आला.

पहिल्या खेपेला निळा पडदा हुकला. रीस्टार्ट होईपर्यंत तुमचा मजकूर फोनवर पुन्हा वाचत होते, मान वर केली तर लॉगिनचा पडदा समोर. इम्पोर्ट परत करावं लागलं. दुसऱ्यांदा बोट कीबोर्डवर ठेवूनच बसले.

दुसरा मॉनिटर आपोआप उजळला, तेव्हाच समजलं. फायरस्टॉर्ममध्ये आता माझ्या कार्डाचं नाव आहे, १२८ मीटरवर ४७ एफपीएस. सावल्याही परत लावल्या. कॅबिनेटवर हात ठेवून पाहिला, हलकीच थरथर आहे.

चक्रधर७

ताई, मनापासून माफ करा. माझ्या खात्यात जपण्यासारखं बोलणं नव्हतं, म्हणून कुणाचं असेल हे डोक्यातच आलं नाही. यापुढे हा सल्ला देणार नाही.

सावलीतली_वेल

चक्रधर, तुम्ही सगळ्यात आधी उत्तर दिलंत, ते मी विसरणार नाही. माफी नको.

शनिवारी मी काय वाचायचं ते ठरत नव्हतं. आता त्या फाइलमधली आमची पहिली रात्र वाचणार आहे. ती मला उडायला शिकवत होती आणि मी दर खेपेला समुद्रात पडत होते. ३८ ओळी आहेत. तिच्या ओळी कुणी दुसऱ्याने टाइप कराव्यात असं वाटतंय. आडवाट, तुमचं तिथे खातं आहे का?